चारही चाकांचा जोर : केव्हा घ्यावा आणि केव्हा सोडावा

आर्द्रा नक्षत्राचा पाऊस लागून चार दिवस झाले की काळ्या रानातील गाडीवाट लोण्यासारखी मऊ होते. अशा वाटेवर खताच्या गोण्यांनी भरलेल्या ट्रॉलीसह एखादा ट्रॅक्टर रुतून बसल्याचे दृश्य कोणत्याही शिवारात पाहावयास मिळते. मागची मोठी चाके जागच्या जागी गरगर फिरत असतात, चिखल उडत असतो आणि चालक पुन्हा पुन्हा जोर लावीत असतो. चाके आसापर्यंत खाली गेल्यावर बांधावरचा एखादा वडीलधारा माणूस विचारतो, "अरे बाळा, तो पुढच्या चाकांचा दांडा टाकलास का?" चालक म्हणतो, "आता टाकतो, आबा." परंतु तोपर्यंत ट्रॅक्टरचे पोट जमिनीला टेकलेले असते. पोट टेकलेल्या यंत्राला चार काय, आठ चाकांचा जोर दिला तरी ते जागचे हालत नाही.

दुसरे दृश्य ह्याच्या अगदी उलट असते. तोच ट्रॅक्टर दिवाळीनंतर डांबरी रस्त्याने ऊस घेऊन कारखान्याकडे धावत असतो आणि शेतात टाकलेला तो दांडा तसाच टाकलेला राहिलेला असतो. पुढचे टायर एकदोन हंगामांतच गुळगुळीत होतात. मालक टायरच्या जातीला दोष देतो, आणि पुढच्या आसातून येणाऱ्या घरघरीकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

एकाने घ्यावयाच्या वेळी दांडा घेतला नाही, दुसऱ्याने सोडावयाच्या वेळी सोडला नाही. इंजिनाची ताकद ह्या दांड्याने रतिभरही वाढत नाही. असलेली ताकद दोन चाकांनी जमिनीवर उतरवावयाची की चार चाकांनी, एवढेच त्याने ठरते. तेव्हा दांड्याला हात घालण्यापूर्वी चाकाखालच्या जमिनीकडे पाहावयास हवे.

पकड कशाने मिळते?

चाक जमिनीला किती घट्ट धरील हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : चाकावर किती वजन पडते आणि जमीन कशी आहे. साध्या, म्हणजे केवळ मागच्या दोन चाकांनी चालणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये एकूण वजनापैकी सुमारे एक तृतीयांश वजन पुढच्या चाकांवर असते. हे वजन ओढण्याच्या कामी येत नाही. उलट मऊ जमिनीत पुढची चाके मातीत दबतात आणि मागच्या चाकांना नांगराबरोबर त्यांनाही ढकलीत न्यावे लागते. पुढच्या चाकांना जोर मिळाला की हेच ओझे कामाला लागते. त्यातही पुढच्या चाकांनी दाबून पक्क्या केलेल्या चाकोरीतून मागची चाके येत असल्याने त्यांनाही थोडी अधिक चांगली जमीन मिळते.

येथे एक अडचण उत्पन्न होते. ती समजण्यासाठी जुन्या खळ्यातील मळणीची पात डोळ्यांपुढे आणावी. मधल्या तिवड्याजवळचा बैल एका जागी पाय उचलल्यासारखा सावकाश फिरतो आणि कडेच्या बैलाला मात्र झपझप चालावे लागते. फेरा एकच, पण वाट लांब. गाडी वळतानाही हेच घडते. बाहेरच्या चाकाला लांबची आणि आतल्या चाकाला जवळची वाट मिळते. दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की जखडली तर एकाला फरफटत जावे लागेल. ते टळावे म्हणून आसाच्या मध्यभागी दंतचक्रांचा एक संच बसविलेला असतो. त्याला डिफरन्शियल म्हणतात. एक चाक कमी फिरले तर तितकेच दुसरे अधिक फिरू देणे हे त्याचे काम.

ह्या सोयीचा एक तोटाही आहे. एक चाक चिखलात आणि दुसरे टणक जमिनीवर असले तर जोर वाया घालविणारे चाक चिखलातलेच असते. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते, आणि चिखलातले चाक जेवढा पीळ सहन करील तेवढाच टणक जमिनीवरच्या चाकालाही मिळतो. म्हणूनच 'चारही चाके जोरात' असलेली गाडी पुढचे एक आणि मागचे एक चाक फिरवीत जागीच उभी राहू शकते. नव्या चालकाला ह्याचे मोठे आश्चर्य वाटते.

जीप गाडीचे दांडे

आपल्याकडे चार चाकांच्या जोराची ओळख ट्रॅक्टरने नव्हे, जीपने करून दिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी बनविलेली ही गाडी. १९४५ साली तिची नागरी आवृत्ती निघाली तेव्हा विलिस कंपनीने ती प्रथम शेतकऱ्यांपुढेच ठेवली होती. १९४८ साली इंग्लंडमध्ये निघालेली लँड रोव्हरही मुळात शेतीकामाची गाडी होती. स्वातंत्र्यानंतर लौकरच मुंबईत सुट्या भागांतून विलिस जीपची जोडणी होऊ लागली, आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाल्यावर विकास गटाची जीप ही खेडोपाडी परिचयाची वस्तू झाली. बियाणे, लशीच्या पेट्या, अधिकारी आणि कधी अडलेली बाळंतीण, सगळ्यांची वाहतूक तिने केली.

त्या जुन्या जीपला गिअरच्या दांड्याखेरीज आणखी दोन लहान दांडे असत. एकाने पुढचा आस जोडला किंवा सोडला जाई, दुसऱ्याने जलद किंवा मंद पट्टा निवडला जाई. पुढे दोहोंचा मिळून एकच दांडा झाला, आणि अलीकडच्या गाड्यांत त्याची जागा एका बटणाने घेतली आहे. नावे मात्र तीच आहेत : टू-एच, फोर-एच, एन आणि फोर-एल.

टू-एच म्हणजे केवळ मागच्या दोन चाकांचा जोर आणि जलद पट्टा. डांबरी, सिमेंटचा किंवा कोरडा टणक मुरुमाचा रस्ता असेल तेथे हीच जागा. गाडीच्या आयुष्यातील बहुतेक प्रवास ह्याच स्थितीत व्हावयास हवा.

फोर-एच म्हणजे चारही चाकांचा जोर, पण पट्टा जलदच. पावसाने निसरडी झालेली कच्ची वाट, नांगरलेले रान, नदीची वाळू, ओला लाल मातीचा घाट अशा ठिकाणी ही जागा उपयोगी पडते. बहुतेक गाड्यांत सरळ रेषेत माफक वेगाने जात असताना दांडा ह्या जागी टाकता येतो. मात्र मागची चाके घसरून फिरत असताना तो कधीही टाकू नये. थांबलेला पुढचा आस आणि भरधाव फिरणारा मागचा आस एकदम जोडले गेले की दंतचक्रांवर घणाचा घाव बसतो. शहाणा चालक चिखल दिसला की चिखलाच्या अलीकडेच दांडा टाकतो.

फोर-एल ही मंद पट्ट्याची जागा होय. चाकांचा वेग सुमारे अडीच पट कमी होतो आणि पीळ त्याच प्रमाणात वाढतो. ही जागा घेण्यासाठी गाडी पूर्ण थांबवून क्लच दाबावा लागतो. दगडगोट्यांचा ओढा, उभा चढ, रुतलेले वाहन ओढून काढणे ही ह्या पट्ट्याची कामे. पण त्याचा सर्वांत मोठा उपयोग उतारावर होतो, आणि तोच पुष्कळांना ठाऊक नसतो. निसरड्या उतारावर ब्रेक दाबला तर चाके थांबतात, गाडी मात्र घसरतच राहते. मंद पट्टा आणि पहिला गिअर घेऊन पाय क्लचवरून काढून घेतला तर इंजिनच गाडीला मागे धरते, आणि तेही चारही चाकांनी. जुन्या जीपमध्ये पुढचा आस जोडल्याशिवाय मंद पट्टा घ्यावयाचा नाही असा नियम होता. कारण वाढलेला सगळा पीळ एकट्या मागच्या आसावर पडला तर तो मोडण्याची भीती असे.

मंद पट्ट्याने पकड वाढते ही समजूत मात्र खरी नव्हे. पकड वजनाची आणि जमिनीची, पट्ट्याची नव्हे. पातळ चिखलात मंद पट्ट्याचा अवाजवी पीळ चाकाला अधिकच फिरवितो आणि खड्डा अधिक लौकर खणतो. वाळूत तर थोडी गती लागते, म्हणून तेथे फोर-एच घेऊन टायरमधील हवा काहीशी कमी करून, न थांबता पार होणे बरे. वाळू ओलांडल्यावर हवा पुन्हा भरून घ्यावी.

राहिली एन ही जागा. येथे इंजिनाचा संबंध पुढच्या आसाशीही नाही आणि मागच्याशीही नाही. गाडी ओढून न्यावयाची असली किंवा उभ्या गाडीच्या इंजिनावर दुसरे यंत्र चालवावयाचे असले तर ह्या जागेचा उपयोग होतो. परंतु दांडा एनवर राहिला तर गाडी गिअरमध्ये असूनही ती धरून ठेवणारे काही उरत नाही. उतारावर गाडी गिअरमध्ये लावून निश्चिंतपणे उतरणाऱ्या चालकाने दांड्याची जागा दोनदा पाहावी आणि हातब्रेक व चाकाखाली दगड ह्यांखेरीज गाडी सोडू नये.

काही गाड्यांत पुढच्या चाकांच्या तोंडाशी फिरविण्याची चकती असते. तिच्या 'फ्री' ह्या खुणेवर चाके मोकळी असतात आणि 'लॉक' ह्या खुणेवर आसाला जोडली जातात. चकती 'फ्री'वर ठेवून आत दांडा टाकला तर पुढचा आस फिरेल, चाके फिरणार नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाशी ह्या चकत्या 'लॉक'वर फिरवून ठेवणे सोयीचे असते. चिखलात गुडघाभर उतरून त्या फिरविण्याची पाळी मग येत नाही.

अलीकडच्या काही मोटारींत चारही चाकांना कायमचा जोर असतो किंवा गरजेप्रमाणे तो आपोआप मिळतो. त्यांत पुढच्या व मागच्या आसांमध्ये तिसरे डिफरन्शियल किंवा घसरणारा क्लच बसविलेला असल्याने त्या पक्क्या रस्त्यावरही बिनधोक चालतात. मधले डिफरन्शियल जखडण्याची सोय असेल तर ती मात्र मऊ जमिनीपुरतीच वापरावी.

पक्क्या रस्त्यावर अपाय का होतो?

ओल्या वाटेवर वळण घेतल्यावर उतरून मागे पाहिले तर चार चाकांच्या चार निराळ्या चाकोऱ्या दिसतात. पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांबची वाट चालतात. जीपसारख्या गाडीत दांडा टाकला की पुढचा व मागचा आस एकमेकांशी पक्के जोडले जातात आणि दोहोंना सारखेच फिरावे लागते. चिखलात कोणते तरी चाक थोडेसे घसरते आणि हिशेब जुळतो. कोरड्या डांबरावर चाक घसरावयास तयार नसते. मग तो फरक दांड्यांत आणि दंतचक्रांत पिळासारखा साठत जातो. स्टिअरिंग जड होते, वळणावर गाडी अडखळते आणि दांडा काढू म्हटले तरी निघत नाही. अशा वेळी दांड्यावर ताकद लावू नये. सरळ रेषेत चारदोन मीटर मागे गेले की पीळ सुटतो आणि दांडा सहज निघतो.

ट्रॅक्टरमध्ये हा प्रश्न सरळ जातानाही असतो. त्याची पुढची चाके लहान असल्याने ती अधिक फेरे घेतात आणि दंतचक्रांची योजना अशी असते की पुढच्या चाकांनी मागच्यांपेक्षा शेकडा एक ते पाच इतके पुढे धावावे. ह्या आघाडीमुळे पुढचा आस शेतात ओढण्याचे काम करतो. ती नसती तर पुढची चाके मागच्यांना अडसर झाली असती. भुसभुशीत मातीत ही आघाडी जिरून जाते. रस्त्यावर ती जिरण्यास जागा नसल्याने पुढचे टायर सतत खरवडले जातात. म्हणून शेताचा बांध ओलांडून रस्त्याला लागताच दांडा सोडणे ही चालकाची सवयच झाली पाहिजे.

टायर बदलताना हीच गोष्ट ध्यानी घ्यावी. 'पुढचे टायर जरा मोठे घातले तर ट्रॅक्टर रुबाबदार दिसतो' अशा विचाराने निराळ्या मापाचे टायर बसविले जातात आणि आघाडीचा हिशेब बिघडतो. तो घरीच तपासता येतो. सपाट व टणक जमिनीवर सरळ रेषेत, दांडा न टाकता, मागच्या चाकाचे दहा फेरे होईपर्यंत पुढच्या चाकाचे किती फेरे झाले ते मोजावे. मग दांडा टाकून तेच करावे. समजा पहिल्या वेळी १७ आणि दुसऱ्या वेळी साडेसतरा फेरे भरले, तर आघाडी शेकडा सुमारे तीन होईल. ती ठीक आहे. दोन्ही आकडे सारखे आले किंवा दुसरा आकडा कमी आला तर टायरचे माप, झीज किंवा हवेचा दाब ह्यांपैकी काही तरी चुकले आहे असे समजावे.

शेतातील वापर

नांगरणी, खोल मोगडणी अशा ओढीच्या कामात चारही चाकांचा जोर घेणे हितावह असते. परंतु तो घेतला म्हणजे चाके घसरणे थांबते असे नाही. घसर मोजण्याची एक सोपी रीत आहे आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ती एकदा तरी शेतकऱ्यांना प्रत्यक्ष करून दाखवावी. मागच्या टायरवर खडूने खूण करावी. नांगर उचललेला ठेवून त्या चाकाचे दहा फेरे होऊ द्यावेत आणि किती अंतर कापले ते मोजावे. समजा ते ४० मीटर भरले. नंतर त्याच शेतात नांगर नेहमीच्या खोलीवर लावून पुन्हा दहा फेरे मोजावेत. आता ३५ मीटर भरले तर ५ मीटर घसरीत गेले, म्हणजे घसर साडेबारा टक्के झाली. दहा ते पंधरा टक्के घसर वावगी नव्हे. अंतर ३० मीटरच भरले तर चाकाचा चौथा हिस्सा फेरा फुकट जात आहे आणि त्याबरोबर डिझेल व टायरही. तेव्हा नांगराची खोली कमी करावी, वजन वाढवावे किंवा जमीन थोडी वाळू द्यावी. उलट घसर अगदीच थोडी असली तर ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा अधिक वजन लादलेले आहे असे समजावे.

रोटाव्हेटरची गोष्ट वेगळी आहे. त्याची पाती इंजिनाच्या जोराने फिरतात आणि माती मागे फेकताना ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. त्यामुळे कोरड्या रानात रोटाव्हेटर चालविताना पुढच्या चाकांचा जोर घेण्याची सहसा गरज पडत नाही.

कोकणातील भातखाचरांत चिखलणीच्या वेळी मात्र त्याचा फार उपयोग होतो. चिखलात पुढची चाके नुसती तरंगत घसरत असली तर स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. त्यांना जोर मिळाला की ती वळणाच्या दिशेने ओढू लागतात. टायर काढून त्यांच्या जागी पूर्ण लोखंडी चाके बसविलेली असतील तर त्यांचा घेर मूळ टायरशी जुळतो की नाही हे पाहावे, न जुळल्यास दांडा टाकू नये. खाचराचा बांध तिरका चढू नये. दोन घमेली माती टाकून उतरण करावी आणि सरळ चढावे.

डिफरन्शियल जखडण्याचे पायडल हे ह्या सर्वांहून निराळे साधन आहे. एकच मागचे चाक घसरत असेल तेव्हा वेग उतरवून, चाक फिरणे थांबल्यावर ते दाबावे आणि अडचणीतून बाहेर पडताच सोडावे. ते दाबलेले असताना वळण घेणे म्हणजे आसावर घाला घालणे होय.

वाफसा आणि दांडा

येथे एका गोष्टीची जरा विस्ताराने चर्चा करणे प्राप्त आहे. चारही चाकांच्या ट्रॅक्टरचा शेताला होणारा सर्वांत मोठा अपाय यंत्राच्या बिघाडातून होत नाही, तो त्याच्या सामर्थ्यातून होतो. पूर्वी जमीन ओली असली की बैलांचे पाय रुतत आणि शेतकरी आपोआप थांबे. साधा ट्रॅक्टरही अशा रानात घसरत असे. आता दांडा टाकला की यंत्र ओल्या रानात शिरते, आणि 'चालते आहे ना, मग घ्या उरकून' असा मोह होतो.

काळ्या जमिनीतील चिकण माती ओली असताना फुगलेली व मऊ असते. तीवरून अवजड चाक गेले की मातीच्या कणांमधील पोकळी दाबली जाते, हवा आणि पाणी ह्यांच्या वाटा बंद होतात. वरचा थर पुढे कुळवाने मोकळा करता येतो. परंतु नांगराच्या तळाखाली बसलेला कठीण थर डोळ्यांना दिसत नाही आणि साध्या मशागतीने फुटतही नाही. श्रावणात पाणी साचून पीक पिवळे पडते, आश्विनात मुळे खोल न गेल्याने तेच पीक ताण सोसू शकत नाही, आणि दोन्ही वेळा दोष पावसाला दिला जातो. कपाशीची किंवा तुरीची सोटमुळे खाली जाण्याऐवजी आडवी वळलेली दिसली तर असा थर झाल्याचा संशय घ्यावयास हरकत नाही.

म्हणून वाफसा आला आहे की नाही हे चाकांवरून ठरवू नये. नांगर जेवढा खोल जावयाचा तेवढ्या खोलीवरची मूठभर माती घ्यावी, तिचा गोळा करावा आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकावा. गोळा फुटून माती मोकळी झाली तर वाफसा आहे. तो तसाच चपटा होऊन पडला किंवा माती बोटांना चिकटली तर ट्रॅक्टर गोठ्यापाशीच राहू द्यावा. दोन दिवसांच्या उशिराचे नुकसान त्याच हंगामात दिसून येते. घट्ट झालेल्या जमिनीचे नुकसान कित्येक हंगाम पुरते आणि त्यावर पुन्हा सबसॉयलरचे भाडे भरावे लागते. भाड्याने ट्रॅक्टर चालविणाऱ्यांना तासांची घाई असते हे खरे. पण जमीन शेतकऱ्याची आहे, आणि थांब म्हणण्याचा अधिकारही त्याचाच.

जेथे दांडा उपयोगी पडत नाही

दर पावसाळ्यात फरशी पुलावरून वाहन वाहून गेल्याच्या बातम्या येतात. त्यांत चारही चाकांच्या जोराच्या गाड्याही असतात. पाण्यात गाडी काहीशी तरंगू लागते, चाकांवरचे वजन हलके होते आणि वजनाबरोबर पकडही जाते. दोन फूट खोल वाहते पाणी बहुतेक मोटारींना ढकलून नेण्यास पुरेसे असते. पुलाच्या कडा दिसत नसतील आणि पाणी वाहते असेल तर टू-एच, फोर-एच हा विचारच करावयाचा नाही. गाडी अलीकडे उभी करून पाणी ओसरण्याची वाट पाहावयाची. सरकारी कामाची घाई हे कारण येथे ग्राह्य धरू नये.

उतारावर ट्रॉली घेऊन जाताना ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अशीच घातक आहे. थोडे डिझेल वाचते, पण इंजिनाची ओढ सुटते आणि भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलू लागते. ज्या गिअरमध्ये तो चढ चढता आला असता त्याच गिअरमध्ये तो उतरावा आणि दोन्ही ब्रेक पायडले खिटीने जोडलेली असावीत. पक्क्या रस्त्यावर दांडा सोडावा ह्या नियमाला येथे एक अपवाद आहे. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक मागच्या चाकांनाच असतो. दांडा टाकलेला असला की पुढची चाकेही त्याच साखळीत येतात आणि ब्रेक चारही चाकांना लागू होतो. म्हणून उभ्या उतारावर, भरलेल्या ट्रॉलीसह, सावकाश जाताना तेवढ्यापुरता दांडा टाकणे योग्य होय. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत ह्याविषयी काय सांगितले आहे ते आधी पाहावे.

रुतलेला ट्रॅक्टर काढताना जीव गमावण्याचे प्रसंग येतात, आणि त्यांचे कारण पुष्कळांना कळत नाही. मागची चाके चिखलात घट्ट बसून फिरूच शकत नसली आणि चालकाने क्लच झटक्यात सोडला तर इंजिनाचा पीळ चाकांऐवजी ट्रॅक्टरच्या धडाला फिरवू लागतो. पुढचा भाग उचलला जातो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर चालकासह मागे उलटतो. चाके फिरू नयेत म्हणून त्यांना ओंडका किंवा वासा बांधण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, ती ह्याच कारणाने जीवघेणी ठरते. दोर किंवा साखळी टॉप लिंकच्या खुंटीला, म्हणजे आसाच्या वर, बांधून ओढल्यासही हेच घडू शकते. ओढ नेहमी खालच्या ड्रॉबारवरूनच असावी. पुढचा आस जड असल्याने चारही चाकांचा ट्रॅक्टर सहजी उचलला जात नाही, पण उचलला जातच नाही असे मुळीच नव्हे.

सुटण्याचा मार्ग असा : चाक फिरून खाली जाऊ लागले की लगेच थांबावे. ट्रॉली सोडवावी, अवजार उचलावे. दांडा टाकून प्रथम मागे जाऊन पाहावे, कारण आलेली चाकोरी त्यातल्या त्यात दाबलेली असते. न निघाल्यास फावड्याने चाकाच्या वाटेची माती काढून उतरती वाट करावी, तीत तुराट्या, पाचट किंवा मुरूम टाकावा आणि क्लच अगदी हळू सोडावा. तरीही न निघाल्यास दुसरा ट्रॅक्टर टणक जमिनीवर उभा करून लांब साखळीने ओढावे. त्या वेळी साखळीच्या आसपास कोणीही उभे राहू नये. मुले तर बांधाच्या पलीकडेच ठेवावीत.

मृगापूर्वीची तपासणी

वर्षभर न हलविलेला दांडा ऐन वेळी हलत नाही. म्हणून महिन्यातून एकदा तरी जीप किंवा ट्रॅक्टर कच्च्या वाटेवर नेऊन दांडा टाकावा आणि थोडे अंतर चालवावे. आतील तेल सर्व भागांना लागते. चारही चाकांच्या मोटारीला चारही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावेत. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवरील बाणाची दिशा फिरण्याच्या दिशेशी जुळते की नाही हे पाहावे. पंक्चर काढताना ती उलट बसविली जाण्याची चूक वरचेवर होते.

पुढच्या आसातील तेलाची पातळी मृगापूर्वी आणि चिखलणीनंतर अशी दोनदा पाहावी. बूच काढल्यावर तेल दुधाळ दिसले तर सीलमधून आत पाणी शिरले आहे असे समजावे. अशा वेळी नुसते तेल बदलून भागत नाही. आधी सील बदलून घ्यावे आणि मगच नवे तेल भरावे.